चालायला मी सांगते, वाट तुमच्या ताब्यात आहे

प्रति,
राज्यातल्या महापालिकांचे आयुक्त, नगरपालिकांचे मुख्याधिकारी, पथ विभागांचे अभियंते, वाहतूक शाखांचे अधिकारी आणि प्रभागाप्रभागांतले नगरसेवक



मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी फॅमिली डॉक्टर आहे. जुन्या वस्तीत दोन खोल्यांचा दवाखाना. येणाऱ्या बहुतेक पेशंटच्या कागदावर मी गोळ्यांच्या खाली एक ओळ लिहिते : रोज अर्धा तास भरभर चालणे. गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतात. एखादी नसली तर दुकानदार संध्याकाळपर्यंत मागवून देतो. शेवटच्या ओळीतलं औषध मात्र त्याच्याकडे नसतं. ते तुमच्या दुकानात मिळतं, आणि तुमचं दुकान बहुतेक वेळा बंद असतं. म्हणून हे पत्र.

शहराचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर बाकीच्या २८ महापालिकांनी पत्र बाजूला ठेवलं असतं आणि आमच्या महापालिकेने ते योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवलं असतं. दोन्हींचा परिणाम एकच.

आधी आजाराचं बोलू. आयसीएमआरच्या इंडियाबी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात मधुमेह असलेले सुमारे १०.१ कोटी लोक आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३.६ कोटी. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे २०२२ साली भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नव्हती. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२. आणि पुरेशी म्हणजे काही फार नव्हे : आठवड्याला १५० मिनिटं, जरा दम लागेल इतपत. रोजची वीस-बावीस मिनिटं झाली. बायकांचा आकडा सांगितला की सोबत आलेले नवरे हसतात. ‘अहो, ती तर दिवसभर पायांवरच असते.’ असते ना. पण ओट्यापुढे उभं राहून पाय सुजतात, दम लागत नाही, आणि हृदयाला हवा असतो तो दम.

आपल्या माणसांच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षं दाखवत आले आहेत की भारतीय माणूस वजनकाट्यावर बारीक दिसला तरी अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी बाळगून असतो. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन ती गाठणं, अशी मिस्कील नोंदही त्यात आहे. मी तो फोटो पेशंटना दाखवते. ‘मी कुठं जाड आहे’ म्हणणारे जरा गप्प होतात.

चालण्याने खरंच काही होतं का, असं विचारणाऱ्यांसाठी चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांचा अभ्यास आहे. उंबरठ्यावरच्या लोकांचे त्यांनी गट केले. एका गटाला आहाराचा सल्ला आणि रोज किमान अर्धा तास चालणं, दुसऱ्याला मेटफॉर्मिनची गोळी, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथ्याला नेहमीचं सर्वसाधारण मार्गदर्शन. २००६ साली निकाल आले. चौथ्या गटाच्या तुलनेत चालणाऱ्यांमध्ये मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, गोळीवाल्यांमध्ये २६.४ टक्क्यांनी, आणि दोन्ही घेणाऱ्यांमध्ये २८.२. म्हणजे खाणं सांभाळून चाललं तर गोळीइतकंच काम होतं. हा अभ्यास आपल्याच देशातला, भात-सांबार खाणाऱ्या माणसांवरचा आहे, म्हणून मला जास्त जवळचा.

हृदयाबद्दलचा पुरावा त्याहून जुना. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवर काम करणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावर वरखाली. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये बराच जास्त निघाला. टपाल खात्यातही तेच : पत्रं वाटत पायी आणि सायकलवर फिरणारा पोस्टमन टेबलावरच्या कारकुनापेक्षा सुरक्षित. मुंबईत बेस्टच्या जुन्या डबल डेकर बंद झाल्या तेव्हा लोकांनी खिडकीतल्या वाऱ्यासाठी हळहळ केली. मला त्यांच्या कंडक्टरांच्या रक्तवाहिन्या आठवल्या.

यात मॉरिस यांचे कंडक्टर आणि पोस्टमन व्यायाम करत नव्हते, हे मला तुमच्या लक्षात आणून द्यायचं आहे. ते नोकरी करत होते. चालणं त्यांच्या कामातच होतं, त्यासाठी वेगळा वेळ, वेगळे बूट आणि वेगळी जिद्द लागत नव्हती. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर उभं आहे.

तुम्ही चालणाऱ्यांसाठी काहीच करत नाही, असं मी म्हणणार नाही. जॉगिंग ट्रॅक करता. उद्यानात ओपन जिम बसवता, त्यावर निधी कोणाचा ते ठळक अक्षरांत असतं. कोल्हापूरचा रंकाळा, ठाण्याची तलावपाळी, पुण्याची तळजाई, नागपूरचा अंबाझरी, नाशिकचा गोल्फ क्लबचा ट्रॅक, या जागा शहरांचं भूषणच आहेत, त्यांना कोणी हात लावू नये. पण पहाटे तिथं कोण दिसतं ते एकदा पाहा. पेन्शन मिळणारे, दुकानाचं शटर दहाला उघडणारे, घरी स्वयंपाकाला बाई असणारे. त्यातले बरेच जण स्कूटरवर येतात, गाडी लावून चालतात आणि स्कूटरवर घरी जातात! माझ्या दवाखान्यातली माणसं तिथं नसतात. नळाला पाणी साडेपाचला येतं, मग डबे, मग मुलांची शाळा, मग कामावर. त्या बाईला ‘सकाळी ट्रॅकवर जात जा’ म्हणणं म्हणजे तिची थट्टा आहे. तिला सांगता येतं ते एवढंच : भाजीला चालत जा, मुलाला शाळेत चालत सोड, बसस्टॉप एक आधी उतर. आणि इथं तुमचं खातं सुरू होतं, कारण ती विचारते, ‘डॉक्टर, चालायचं कुठनं?’

(दहा हजार पावलांचं तेवढं सांगून टाकते, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या मनगटावर ते घड्याळ असेल. तो आकडा संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावात तो होता, तिथून जगभर गेला. २०२५ सालच्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात सात हजारांच्या आसपासच बहुतेक फायदा पदरात पडलेला दिसला. दोन हजारांवरून चारावर जाणाऱ्यालाही पुष्कळ मिळतं. भाजी, शाळा, बसस्टॉप एवढ्यात ते होतं.)

शतपावली तर आपल्याकडे घरोघरी होती. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतरचा चढ कमी राहतो. आज ही शतपावली कुठं चालते? सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन चारचाकींच्या मधून, गेटपासून लिफ्टपर्यंत आणि परत. रस्त्यावर जायची कोणाची छाती होत नाही.

आता अभियंता साहेबांशी थोडं बोलते. तुमच्या हातात इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची संहिता आहे, आयआरसी १०३. वस्तीच्या भागात फुटपाथला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, असं ती सांगते. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओलांडून जाव्यात एवढी. मोकळी म्हणजे मोकळी : त्यात डीपीचा डबा, जाहिरातीचा खांब, झाडाचं आळं धरायचं नाही. काठाची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. सहा इंच, म्हणजे जिन्याची एक पायरी. प्रत्यक्षात डांबराचे थर चढून रस्ता वर येतो, मग फुटपाथ आणखी वर घेतला जातो, आणि सत्तरीच्या बाईला त्यावर चढायला शेजारच्या गाडीचा आधार घ्यावा लागतो. वर गेल्यावर तरी सपाट चालता यावं. दर वीस पावलांवर एक गेट असतं, आतल्या गाडीला धक्का बसू नये म्हणून तिथं फुटपाथ खाली उतरतो आणि पुढं पुन्हा चढतो. दिवसातून दोनदा बाहेर पडणाऱ्या गाडीसाठी दिवसभर जाणाऱ्या माणसांनी चढउतार करायचा. उलट करा. फुटपाथ एका पातळीत सरळ जाऊ द्या, गाडी चढेल. तिला इंजिन आहे.

गुडघ्यांबद्दल एक गैरसमज तुमच्यातही असेल. गुडघे झिजलेत म्हणून चालणं बंद, असं घरोघरी ठरवलं जातं. खरं तर गुडघ्याच्या संधिवातात सपाट जागेवर नियमित चालणं हा उपचाराचाच भाग असतो. मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा भार कमी होतो. बंद केलं की स्नायू वाळतात, तोल जातो, माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं. हाड जुळतं. पडण्याची भीती मात्र मनातून जात नाही, मग तो घराबाहेरच पडत नाही, आणि उरलेसुरले स्नायूही जातात. हे चक्र मी इतक्या वेळा पाहिलं आहे की एखादा हलणारा पेव्हर ब्लॉक किंवा दोन इंच वर आलेलं चेंबरचं झाकण दिसलं की मला दगड-लोखंड दिसत नाही, अस्थिरोगतज्ज्ञाचं बिल दिसतं.

फुटपाथ मोकळा करायचा म्हटलं की अतिक्रमण विभागाची गाडी निघते आणि पहिली टोपली भाजीवालीची उचलली जाते. चालणाऱ्यांच्या नावाने हे होऊ नये. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिला जागा दिली आहे, शहर फेरीवाला समितीत तिचे प्रतिनिधी बसवा, जागा आखून द्या आणि तिला तिथं बसू द्या. तिची टोपली चार फूट जागा घेते, शेजारी उभी चारचाकी पंधरा फूट घेते, पण पोलिसांच्या जॅमरपर्यंत तिची पाळी क्वचित येते. शिवाय रात्री आठनंतर ज्या रस्त्यावर भाजीवाली, गजरेवाली, भेळेची गाडी असते तिथूनच बायका निर्धास्त चालतात. मोकळा, स्वच्छ आणि निर्मनुष्य फुटपाथ नकाशात छान दिसतो. त्यावरून एकटी मुलगी जात नाही. दिव्यांचंही तसंच. खांब उंच, झाडाच्या शेंड्यावर लख्ख उजेड, खाली फुटपाथवर काळोख. गाडीला स्वतःचे दिवे असतात, माणसाला नसतात.

बाकं आणि मुताऱ्या. हे दोन शब्द वाचून काही जण पान उलटतील, पण एका डॉक्टरच्या दृष्टीने सगळ्या पत्रात महत्त्वाचं हेच आहे. साठीनंतरच्या पुरुषांत प्रोस्टेटचा त्रास असतो, अर्ध्या-पाऊण तासाने जावं लागतं. रक्तदाबाच्या अनेक पेशंटना आम्ही लघवी वाढवणारी गोळी देतो. मधुमेहात साखर आटोक्यात नसली की लघवी वाढतेच. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायकांना शिंकताना, भरभर चालताना थेंब सुटतो, आणि हे त्या मलाही तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगतात. या सगळ्यांनी चालायला हवं, आणि हीच माणसं घराबाहेर पडायच्या आधी मनात नकाशा काढतात : वाटेत सोय आहे का? नसेल तर जात नाहीत, किंवा सकाळपासून पाणी पीत नाहीत. काही बायका तर पाण्याची गोळीच चुकवतात आणि मग माझ्याकडे वाढलेला रक्तदाब घेऊन येतात. मुंबईत २०११ पासून बायकांनी याच प्रश्नावर ‘राइट टू पी’ ही मोहीम चालवली. मागणी एवढीच की पुरुषांसारखी आम्हालाही मुतारी द्या, आणि पैसे न घेता. यावर थट्टा झाली, बातम्या झाल्या. काम अजून पुष्कळ बाकी आहे.

बाकाचंही असंच. पायाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेला माणूस दोनशे-तीनशे पावलं चालला की पोटरी भरून येते, तो थांबतो, दोन मिनिटं बसला की पुन्हा चालू शकतो. असं थांबत थांबत चालणं हाच त्याचा उपचार. त्याला कुठं बसवाल? बागेतलं बाक बागेत गेलेल्या माणसासाठी आहे. रस्त्यावर, दर पाव किलोमीटरच्या आत, सावलीत, पाठ टेकता येईल असं बाक हवं. नगरसेवक मंडळी, त्यावर तुमचं नाव घाला. मोठं घाला. माझी अजिबात हरकत नाही.

वाहतूक शाखेसाठी एक छोटं गणित. सिग्नल लावताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरण्याची रीत आहे. अठरा मीटरचा रस्ता त्या वेगाने १५ सेकंदांत पार होतो. पंचाहत्तरीच्या, काठी घेतलेल्या माणसाचा वेग ०.८ च्या आसपास असतो, त्याला २२ ते २३ सेकंद लागतात. म्हणजे दिवा लाल होतो तेव्हा त्याने दोन तृतीयांश रस्ताच ओलांडलेला असतो आणि समोर फ्री लेफ्टवाल्यांची रांग हॉर्न वाजवत असते. ते आठ सेकंद द्या. केंद्राच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. पाचातला एक. आणि कृपा करून उत्तर म्हणून पादचारी पूल नको. २००८ साली मुंबईत वांद्र्याला स्कायवॉक झाला तेव्हापासून आपल्याकडे चालणाऱ्याला जमिनीवरून उचलून वर ठेवण्याची टूम निघाली. रेल्वेमार्गावर किंवा महामार्गावर पूल लागतो, कबूल. पण शाळेपुढचा रस्ता ओलांडायला दोन जिने चढायला लावले तर ज्याला चालायला सांगितलंय तोच माणूस रिक्षा करतो.

शाळेवरून आठवलं. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं ठरवलंय. हे अंतर पाय मनात धरूनच ठरलं. आणि आपण काय करतो? त्याच एका किलोमीटरसाठी रिक्षावाल्या काकांकडे पोर देतो, दप्तरं बाहेर लटकवतो, नाहीतर आईच्या स्कूटरवर पुढं उभं करतो. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी जो गोंधळ होतो तो मुलांमुळे नसतो, गाड्यांमुळे असतो, आणि त्या गोंधळाच्या भीतीने आणखी चार आया गाडी काढतात. आईबापांना बोल लावू नका. मीही त्यांच्या जागी असते तर याहून वेगळं केलं नसतं.

इतका वेळ शरीराचं झालं. चालण्याचा दुसरा फायदा माझ्या रक्तचाचणीत दिसत नाही, पण दवाखान्यात दिसतो. काही ज्येष्ठ माणसं माझ्याकडे औषधासाठी येत नाहीत, बोलायला येतात. रक्तदाब मोजून घेणं हे निमित्त. मुलं पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेत; फोन रोज येतो, पण फोनवरची माणसं चेहरा उतरलाय म्हणत नाहीत. जो माणूस रोज पायी दूध आणायला जातो, त्याला वाटेत पाच-सहा जण ओळखतात : वाणी, इस्त्रीवाला, मारुतीच्या देवळातला गुरव. दोन दिवस तो दिसला नाही तर कोणीतरी विचारतं, काका कुठं आहेत? ही विचारपूस गाडीतून जाणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता, १९६०च्या दशकाच्या अखेरीला. सारख्याच वस्तीचे रस्ते, फक्त एकावरून दिवसाला सुमारे २,००० वाहनं जात आणि एकावरून सुमारे १६,०००. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणसाला शेजारचे मित्र सरासरी तीन होते, जास्त रहदारीच्या रस्त्यावर एकही धड नाही. रहदारी वाढली तशी माणसं मागच्या खोल्यांत राहायला लागली. आपल्याकडच्या जुन्या पेठांत वेगळं काही घडलेलं नाही. ओट्यावर आता दुचाकी उभी असते.

हे सगळं अशक्य आहे, पैसा नाही, रस्ते अरुंद आहेत, हे मला ठाऊक असलेलं उत्तर आहे. पुण्याने २०१६ साली पादचाऱ्यांसाठी धोरण मंजूर केलं. जंगली महाराज रस्त्याच्या काही भागात रुंद फुटपाथ झाले, बाकं आली, मुलं खेळायला लागली, लोक नुसते बसायला येऊ लागले. आजही उदाहरण म्हणून सगळे तोच रस्ता दाखवतात. यावरून बाकीच्या रस्त्यांचं काय झालं ते कळतं. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता काही तास गाड्यांना बंद असतो. पहिल्या वर्षी दुकानदारांनी धास्ती घेतली असणार, पण उपक्रम पुढंही चालू राहिला. मात्र ३६५ दिवसांत एक दिवस ही काही मात्रा नव्हे. चेन्नईने २०१४ साली याहून पुढची गोष्ट केली : महापालिकेच्या वाहतुकीच्या खर्चातला किमान ६० टक्के वाटा पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी, असं धोरणात लिहूनच टाकलं. अंमलबजावणी किती झाली यावर वाद घाला, पण निदान कोणाला जाब विचारायचा ते तिथं कागदावर आहे. आणि पालख्या येतात तेव्हा? आळंदी आणि देहूहून निघालेल्या दिंड्यांच्या वाटेवरचं प्रत्येक शहर रस्ता धुतं, खड्डे बुजवतं, पाण्याचे टँकर आणि फिरती स्वच्छतागृहं उभी करतं, गाड्या दुसरीकडून वळवतं. पायी चालणाऱ्याला काय लागतं ते तुमच्या खात्यांना तोंडपाठ आहे.

कायद्याची बाजूही आता तुमच्या सवडीवर राहिलेली नाही. महापालिका अधिनियमात रस्ते राखणं आणि त्यावरचे अडथळे दूर करणं ही कामं बंधनकारक कर्तव्यांत मोडतात. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी स्पष्ट सांगितलं की अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. फुटपाथ नसला की लोक रस्त्यावरून चालतात आणि मरतात, इतकं साधं कारण त्यामागे होतं. चालणारी माणसं थोडी आहेत असंही समजू नका. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामाला जाणाऱ्यांत पायी जाणाऱ्यांचा गट सर्वांत मोठा होता, दुचाकीवाल्यांपेक्षाही. ते मोर्चे काढत नाहीत, एवढंच.

माझी मागणी शहरभर फुटपाथ करा अशी नाही. तसं म्हटलं की तुम्ही सल्लागार नेमता आणि तीन वर्षं जातात. प्रत्येक प्रभागात एक शाळा, एक भाजीबाजार आणि एक सरकारी दवाखाना निवडा. त्या तिघांना जोडणारी एकच वाट घ्या, किलोमीटर-दीड किलोमीटरची. ती एका पातळीत, सलग, उजेडाची करा. वाटेत बाकं आणि चालू असलेली, आतून कडी लागणारी स्वच्छतागृहं ठेवा. चौकातले सेकंद वाढवा. झाली की दुसरी घ्या. नव्या ओपन जिमचा प्रस्ताव पुढं आला तर आधी ही वाट झाली का ते विचारा. आणि वर्षाच्या शेवटी किती मीटर पेव्हर ब्लॉक बसवले ते सांगू नका, संध्याकाळी सहा ते सात या वेळात त्या वाटेवरून किती बायका, किती मुलं, किती काठीवाली माणसं गेली ते मोजून सांगा. मोजणीला माणसं कमी पडली तर आमच्या डॉक्टरांच्या संघटनेतले निवृत्त सभासद खुर्ची टाकून बसतील. त्यांनाही तेवढीच संगत.

अंदाजपत्रकाच्या चर्चा जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतात. त्याआधी एका संध्याकाळी तुमच्यापैकी जे येतील त्यांनी माझ्या दवाखान्यापासून भाजीबाजारापर्यंत माझ्या दोन पेशंटबरोबर चालावं. एकींना काठी आहे, दुसऱ्यांना पाण्याची गोळी आहे. पाऊस नुकताच पडून गेलेला असेल तर जास्त बरं. दवाखाना साडेपाचला उघडतो, पण तुम्ही येणार असाल तर मी त्या दिवशी उशिरा उघडेन.

आपली,
एक फॅमिली डॉक्टर